भूकंप आणि घरचे कुत्रे



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच युनियनमधील एका तरुणाने विचारले, "अण्णा, माणसांच्या मागण्या संपल्या काय, म्हणून कुत्र्यांची गाऱ्हाणी हाती घेतलीत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण द्वारसभांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. परंतु या विषयाचे एक देणे आमच्या अंगावर आहे, ते आधी सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झालेले. पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तिकडच्या घरांच्या भिंती जाडजूड, दगड आणि मातीच्या. वर मातीच्या धाब्याचे ओझे. झोपलेली माणसे त्याखाली गाडली गेली. सरकारी मोजणीप्रमाणेच जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आमचे वय तेव्हा बाविशी-तेविशीचे. मदतीच्या ट्रकबरोबर आम्ही गेलो होतो. पाऊस कोसळत होता. एका गावी दगडांच्या ढिगाजवळ एक म्हातारबा बसलेले दिसले. त्यांचा कुत्रा अंगणात झोपला होता म्हणून वाचला, तो त्यांना चिकटून होता. छावणीत चला म्हटले, तर म्हणाले, "ह्याला सोडून म्या येत नसतो." आम्ही उत्तर केले, "बाबा, माणसांना जागा पुरेना, कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" ट्रक निघाला. म्हातारबा पोते पांघरून तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते तापाने फणफणले होते. मग दोघांनाही उचलले. कुत्र्याला जागा लागली ती केवढी? आमच्या दोन पायांमधली!

हा म्हातारबांचा हेका होता, असे कोणी म्हणेल. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच म्हणत होतो. पुढे वाचनात आले की २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळ आले तेव्हा कित्येक माणसांनी पाळीव जनावर सोडून घराबाहेर पडण्याचे नाकारले. त्यावरून धडा घेऊन तेथील संसदेने २००६ साली कायदाच केला, की सुटकेच्या योजनेत जनावरांचाही विचार हवा. जपानात २०११ च्या भूकंपानंतर, २०१३ साली, सरकारने सूचना काढल्या, की घर सोडताना जनावर बरोबर घेऊन निघावे. म्हणजे हा भूतदयेपुरता प्रश्न नाही. कुत्र्याची सोय नसेल तर माणूस हलत नाही, किंवा हललेला माणूस पडक्या घरात परत शिरतो.

आता आमच्या खारदांड्याचे पाहा. गल्ली अशी, की समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरावे. घरात पोटमाळा, त्यावर पितळेची भांडी, मसाल्याचे डबे, जाळ्यांची गाठोडी. आणि कुत्रा बांधलेला कुठे? नेमका माळ्याच्या शिडीखाली! कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तोही पहाटे चार वाजून गेल्यावर. मुंबईपर्यंत जाणवला होता. काळोखात, साखळीला अडकलेल्या जनावरावर डबा कोसळला तर त्याने पळावे कुठे? म्हणून पहिले काम फुकटचे आहे: त्याची झोपायची जागा बदला, वरचे जड सामान खाली घ्या, आणि रात्री घरात त्याला मोकळे ठेवा.

जमीन हलू लागली की त्याच्यामागे धावू नका. भक्कम टेबलाखाली शिरा, डोके झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. कुत्रा आपण होऊन खाटेखाली घुसतो. त्याला ओढून कवटाळायला गेलात तर भेदरलेले जनावर धन्यालाही चावते. हादरे थांबल्यावर आधी स्वतःच्या पायांत चपला, मग कुत्र्याच्या गळ्यात दोरी, आणि नंतरच दार. हा क्रम चुकला की कुत्रा सुसाट सुटतो. त्यातच मागाहूनचे हादरे येतात. वाटेत फुटक्या काचा असतील तर त्याला उचलून घ्या. चावलाच, तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि सुईसाठी दवाखाना गाठा. घरचा कुत्रा म्हणून हयगय नको.

एक पिशवी दाराजवळ खुंटीला असू द्या. तीत दोरी, कापडी मुसके, दोन-चार दिवसांचे खाणे, पाण्याची बाटली, लसीचा कागद आणि कुत्र्याबरोबरचा आपला फोटो. फोटो कशाला? हरवलेला कुत्रा आपला, हे सांगायला. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला असावा.

दांडेकरांना एक निराळे सांगणे आहे. आपली मोकळी जागा म्हणजे किनारा. घाबरला माणूस तिकडेच धावणार. पण २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या समुद्रात भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि इथली माणसे वाहून गेली. हादरा मोठा आणि लांबलेला असेल, तर किनाऱ्यावर न थांबता कुत्र्यासह आत, उंचाकडे चला.

कुत्र्याला भूकंप आधी कळतो म्हणतात. भूकंपाच्या पहिल्या बारीक लाटा मोठ्या लाटांच्या आधी पोहोचतात. त्या त्याला जाणवत असतील. पण त्यातून मिळतात ते क्षण. कुत्र्याच्या भुंकण्यावरून भूकंपाचे भाकीत करणे अजून कोणाला साधलेले नाही. नाहीतर आमच्या गल्लीत रोज रात्री भूकंप व्हायचा!

शेवटचा प्रश्न कामगारांचा. नवरा पाळीवर, बायको बाजारात मासळी घेऊन, मुले शाळेत, कुत्रा कुलपात. अशा वेळी जमीन हलली तर दार कोण उघडणार? आमच्या गल्लीत चार घरांनी किल्ल्यांची अदलाबदल केली आहे. आमच्या मोतीला शेजारच्या वहिनींच्या हातून दोरी बांधून घ्यायची सवय व्हावी, म्हणून दर रविवारी तालीम चालते. पहिल्या रविवारी तो त्यांच्यावर गुरगुरला. आता त्या दोरी घेऊन दारात आल्या की स्वतःच मान पुढे करतो, कारण दोरीबरोबर सुक्या बोंबलाचा तुकडा मिळतो.