रामायण-मालिका आणि प्रेक्षकांचे तर्क



गोष्ट अर्ध्यावर ठेवून सांगणारा उठून गेला, म्हणजे ऐकणाराचें मन स्वस्थ बसत नाहीं. पुढें काय झालें असेल, अमुक असा कां वागला, तमुकाला तें ठाऊक होतें कीं नव्हतें, या प्रश्नांचीं उत्तरें तें आपल्यापुरतीं रचूं लागतें. पुराणिकबुवांची पोथी उद्यांवर गेली म्हणजे देवळाच्या ओट्यावर पूर्वीं जें चाले, तेंच आज दूरचित्रवाणीवरील मालिकेचा एक भाग संपून दुसरा लागेपर्यंत घरोघर चालतें. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असें म्हणण्याची शहाण्या मंडळींची रीत आहे. परंतु कांहीं तर्क शेंकडों वर्षें टिकून मूळ कथेचाच भाग होऊन बसले आहेत. त्यांना इतक्या सहज झटकून टाकतां येत नाहीं. श्री. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

कथेंतील रहस्यें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारचें रहस्य लेखकानें मुद्दाम दडवून ठेवलेलें असतें. सन २०१६ मध्यें झी मराठी वाहिनीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका लागे. कोंकणांतील नाईक कुटुंबाच्या वाड्यांत एकामागून एक गूढ घटना घडत, आणि प्रेक्षक आज एका पात्रावर, तर उद्यां दुसऱ्यावर संशय घेत. असल्या तर्कांत गंमत पुष्कळ. पण त्यांचें आयुष्य थोडें. उत्तर लेखकाच्या मुठींत असतें. मूठ उघडली कीं एकाचा तर्क खरा ठरतो, दहांचे खोटे ठरतात आणि खेळ संपतो. दुसऱ्या प्रकारांत मात्र कवि कांहीं दडवीत नाहीं. तो केवळ सांगत नाहीं. घडलें तें सांगून तो थांबतो, आणि तें असें कां घडलें हा प्रश्न ऐकणाराच्या पदरांत टाकतो. असले प्रश्न पिढ्यान् पिढ्या जागे राहतात.

'रामायण' मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं दाखविली गेली. श्री. अरुण गोविल हे राम, श्रीमती दीपिका चिखलिया या सीता, श्री. सुनील लहरी हे लक्ष्मण आणि श्री. अरविंद त्रिवेदी हे रावण झाले होते. आठवड्यास एक याप्रमाणें ७८ भाग झाले. म्हणजे दोन भागांच्या मध्यें विचार करावयास सहा दिवस मोकळे मिळत. कथेचा शेवट ठाऊक नाहीं असा प्रेक्षक त्यांत क्वचितच असेल. तरीहि प्रश्न उठत. सन २०२० च्या टाळेबंदींत मालिका पुन्हां दाखविली गेली, तेव्हां तेच प्रश्न नव्या पिढीपुढें उभे राहिले.

नाशिककरांना तर ही कथा परक्या मुलखांतील वाटतच नाहीं. गोदेच्या तीरावर पंचवटी. तेथें रामकुंड, पेशवाईंत सरदार ओढेकरांनीं बांधविलेलें काळ्या पाषाणाचें काळारामाचें मंदिर, वडाच्या जुन्या झाडांजवळची, वांकून शिरावें लागणारी सीतागुंफा. आणि नदीच्या खालच्या अंगास कपिलासंगमापाशीं तपोवन. शूर्पणखेचें नासिकाछेदन येथें झालें म्हणून गांवास नाशिक हें नांव पडलें असें कोणी सांगतात, तर नऊ शिखरांवरून तें पडलें असें दुसरे सांगतात. तिकडे तेलंगणांत भद्राचलमजवळ पर्णशाला म्हणून एक ठिकाण आहे. सीताहरण झालें तें आपल्याच गोदातीरीं, असें तेथील लोक तितक्याच श्रद्धेनें मानतात. कवीनें गोदावरी सांगितली, पण घाट सांगितला नाहीं. म्हणून स्थळाविषयीं सुद्धां असे दोन तर्क उभे राहिले.

पंचवटींत आलेला यात्रेकरु सहज विचारतो, 'लक्ष्मणानें रेषा ओढली ती जागा कोणती?' मालिकेंतहि ती रेषा त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली असते. पण वाल्मीकींच्या अरण्यकांडांत अशी रेषाच नाहीं! तेथें रामाच्या आवाजांत मारीचाची हांक ऐकूं येते. लक्ष्मण जागचा हलत नाहीं. भयानें कासावीस झालेली सीता त्याला न बोलावें तें बोलते. आणि वनदेवतांच्या हवालीं तिला करून तो जड पायांनीं निघून जातो. मग रावण परिव्राजकाच्या वेषांत येतो. दारीं आलेला अतिथि म्हणून सीता त्याला आसन देते, पाणी देते. एवढेंच. रेषा आली ती पुढच्या रामायणांतून. तेलुगु रंगनाथ रामायणांत ती सांपडते, बंगाली कृत्तिवासांत सांपडते. तुलसीदासांच्या अरण्यकांडांत ती नाहीं. लंकाकांडांत मंदोदरी रावणाला टोमणा देते तेव्हां मात्र तिचा उल्लेख येतो. सागरांनीं मालिकेच्या आरंभीं ज्या ग्रंथांचा आधार घेतल्याचें सांगितलें, त्यांत वाल्मीकि व तुलसीदास यांच्याबरोबर तमिळ कंब रामायण, नाथांचें मराठी भावार्थ रामायण, तेलुगु रंगनाथ व बंगाली कृत्तिवास रामायण यांचींहि नांवें होतीं. म्हणजे मालिकेंत उतरलें तें एका कवीचें काव्य नव्हे; तें अनेक शतकांच्या ऐकणारांनीं केलेल्या तर्कांसकटचें काव्य होय.

हा रेषेचा तर्क कां निघाला असावा? लक्ष्मणासारखा सावध भाऊ वहिनीला निराधार टाकून गेलाच कसा, हें ऐकणाराला सोसवेना. रेषा ओढतांच लक्ष्मण दोषमुक्त झाला. पण तराजूचें एक पारडें वर गेलें कीं दुसरें खालीं येतें. रेषा नव्हती तोंवर सीता ही कपटाला बळी पडलेली यजमानीण होती. रेषा आल्यावर ती मर्यादा ओलांडणारी ठरली. आज 'लक्ष्मणरेषा' हा शब्द मराठींत रोजच्या वापरांतला आहे, आणि तो उच्चारून किती मुलींना उंबरठ्याच्या आंत बसविलें गेलें याची गणती कोणी केलेली नाहीं. आदिकवीनें न ओढलेली रेघ तर्कानें ओढली, आणि तिचा जाच मात्र खऱ्याखुऱ्या माणसांना झाला.

दुसरा तर्क याहून सूक्ष्म आहे. रावणानें नेली ती खरी सीता नव्हेच, तिची छाया होती, असें तो सांगतो. कूर्मपुराणांत, अध्यात्मरामायणांत आणि तुलसीदासांच्या मानसांत तो आहे. अध्यात्मरामायणांत व मानसांत प्रभु रामचंद्र हरणापूर्वींच सीतेला अग्नींत राहण्यास सांगतात, आश्रमांत तिचें प्रतिबिंब राहतें, आणि युद्धानंतर अग्निदिव्याच्या वेळीं छाया जळून खरी सीता परत येते. मालिकेंत अग्निदिव्याचा प्रसंग आला, तेव्हां लक्ष्मण संतापतो आणि राम त्याला हेंच रहस्य उलगडून सांगतो. त्या रविवारीं पुष्कळ घरांतून सुटकेचा निःश्वास पडला असल्यास नवल नाहीं. ज्या रामावर जीव जडला, तो निरपराध पत्नीला लोकांदेखत अग्नींत कां जाऊं देतो, ही सल एका क्षणांत निघून गेली.

परंतु तर्क सुखकर आहे एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि पहिली परीक्षा अशी कीं, एका गांठीचा उलगडा करतांना तो दुसऱ्या किती गांठी मारतो? अशोकवनांत राक्षसींच्या पहाऱ्यांत रडली ती जर छाया, तर मारुतीनें मुद्रिका दिली ती कोणाला? वाल्मीकींचा राम गोदातीरावर झाडांना, हरणांना सीतेचा ठाव विचारीत वेड्यासारखा हिंडतो. तो शोक मग कशाचा? एक प्रसंग सावरतांना अर्धें काव्य पोकळ होतें. सीतेच्या कष्टांची कथा सीतेवांचून चालूं लागते!

दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे. हा तर्क उत्तर देतो, पण प्रश्न कोणाचा? रावणाच्या घरीं राहिलेली स्त्री शुद्ध कशी, हा प्रश्न मूळचा अयोध्येच्या चव्हाट्यावरचा. उत्तरकांडांत नगरजन आपसांत बोलूं लागतात. लंकेंत काय घडलें तें त्यांपैकीं एकानेंहि पाहिलेलें नसतें. मोकळी जागा दिसली आणि ती त्यांनीं आपल्या मनांतल्या मळानें भरली. रामकथेंतला सर्वांत घातकी तर्क हाच होय, कारण त्याच्या पायीं गर्भवती सीतेला वनांत जावें लागलें. छायेची कल्पना या नगरजनांना 'तुमचा प्रश्नच चुकीचा आहे' असें सांगत नाहीं. 'नेली ती सीता नव्हती,' असें म्हणून ती त्यांचा प्रश्न मान्य करते. शिवाय वनांत टाकली गेली ती तर अग्नींतून परत आलेली खरीच सीता! तिच्या बाबतींत छाया कांहीं कामास येत नाहीं.

मालिका १९८८ सालीं राज्याभिषेकापाशीं थांबली. लोकांचें समाधान झालें नाहीं. लव-कुशांची कथा दाखवावी अशी मागणी झाली. उत्तर भारतांतील कांहीं शहरांत, वाल्मीकींना आपले पूर्वज मानणाऱ्या सफाई कामगारांनीं त्यासाठीं संप केला. पुढें ती कथाहि मालिकारूपानें आली. गोड शेवट पुढ्यांत असतां लोकांनीं दुःखाचा शेवट मागून घेतला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. झांकलेल्या दुःखापेक्षां सांगितलेलें दुःख त्यांना जवळचें वाटलें.

मोकळी जागा भरावी तर कशी, हें आठव्या शतकांत विदर्भांतल्या पद्मपुराच्या भवभूतीनें दाखवून ठेवलें आहे. वाल्मीकींच्या कथेचा शेवट त्यालाहि सोसला नाहीं. म्हणून 'उत्तररामचरित' नाटकांत त्यानें राम व सीता यांची पुन्हां भेट घडविली. पण तसें करतांना त्यानें सीतेची छाया करून तिचें दुःख पुसलें नाहीं. उलट सातव्या अंकांत नाटकाच्या पोटांत नाटक रचून त्यानें रामालाच प्रेक्षकांत बसविलें. टाकून दिलेल्या सीतेचे हाल राम स्वतः पाहतो आणि मूर्च्छित पडतो. मग अरुंधती जमलेल्या प्रजाजनांना सीतेच्या शुद्धतेविषयीं विचारते, आणि ते नमतात. ज्यांच्या बोलण्यानें अन्याय झाला, त्यांनाच भवभूतीनें उत्तर द्यावयास उभें केलें. शेवट त्यानें बदलला, पण हिशेब चुकविला नाहीं.

म्हणून तर्क करणें वाईट नव्हे. ज्या कथेवर प्रेम नाहीं तिच्याविषयीं कोणी तर्क करीत नाहीं. फक्त तो करतांना आपण कोणाचें ओझें उचलतों आणि तें कोणाच्या डोक्यावर ठेवतों, एवढें पाहिलें पाहिजे. घरांतलें मूल मालिका पाहतां पाहतां 'रामानें असें कां केलें?' असें विचारतें, तेव्हां हाताशीं असलेलें तयार उत्तर देऊन त्याचें तोंड बंद करण्याचा मोह वडील माणसांना होतो. त्यापेक्षां 'कवीनें तें सांगितलेलें नाहीं. तुला काय वाटतें?' असें म्हणावें. मुलाचें उत्तर कसेंहि असो, त्यावर आणखी एकच प्रश्न विचारावा: 'हें उत्तर सीतेनें ऐकलें असतें, तर तिला तें पटलें असतें काय?'