दोन कारखाने, दोन उत्तरदायित्वे : माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा एक विचार



छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागूनच जामुल आहे. तेथील एसीसीचा सिमेंट कारखाना 1965 पासूनचा. शेजारचा भिलाई पोलाद प्रकल्प त्याहून जुना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. या झोतभट्ट्यांतून निघणारी धातुमळी हा जामुलच्या सिमेंटचा कच्चा माल आहे. पोलाद प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातील 'सेल'चा, तर सिमेंट कारखाना खासगी. साठा, वेतन, यंत्रांची देखभाल, मालवाहतूक यांच्या नोंदींसाठी लागणाऱ्या संगणकप्रणाली बाजारात दोघांनाही सारख्याच उपलब्ध असतात. मग व्यवस्थापनात फरक कोठे पडतो?

'सार्वजनिक क्षेत्र संथ, खासगी क्षेत्र चपळ' हे उत्तरपत्रिकांतील ठरीव वाक्य अपुरे आहे. फरकाचे मूळ राज्यघटनेत आहे. सेलसारखी सरकारी कंपनी अनुच्छेद 12 च्या अर्थाने 'राज्य' ठरते. साहजिकच अनुच्छेद 14 मधील समानतेचे तत्त्व तिच्या खरेदीव्यवहारालाही बांधून ठेवते. रमण दयाराम शेट्टी खटल्यात (1979) वाद होता मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्याचा. निविदेत स्वतःच घातलेली पात्रतेची अट शासकीय संस्थेला मनमानीने सोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अर्जदाराला प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तत्त्व मात्र कायम झाले. सॉफ्टवेअरची खरेदीही त्याच तत्त्वाच्या कक्षेत येते.

खासगी कारखान्याचा व्यवस्थापक परिचयाच्या पुरवठादाराला बोलावू शकतो, एका विभागात प्रणाली वापरून पाहू शकतो आणि ती रुचली नाही तर सोडूनही देऊ शकतो. त्याला जाब विचारते ते संचालक मंडळ. सार्वजनिक उपक्रमात आधी गरजेचे तपशीलवार वर्णन, मग निविदा, मग सर्वात कमी दराची निवड. पाठीशी केंद्रीय दक्षता आयोगाचे दंडक आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांची तपासणी. सिमेंटची पोती किंवा संगणकाचे संच अशा पद्धतीने उत्तम घेता येतात. सॉफ्टवेअरची गरज मात्र काम सुरू झाल्यावरच नीट उलगडते, आणि निविदेत लिहिलेले वर्णन तोवर जुने झालेले असते. सार्वजनिक प्रकल्पांतील दिरंगाईचा बराचसा भाग येथे जन्मतो. कर्मचाऱ्यांच्या आळसाला त्याचा दोष देणे अन्यायाचे आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मधील सूचनांद्वारे विशिष्ट कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही 30 टक्क्यांपर्यंत भार देण्यास मुभा दिली, ती याच अडचणीची दखल होय. ही सुधारणा फार उशिरा झाली, असेच म्हणावे लागेल.

नोंदींबाबतही असाच भेद दिसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचिबद्ध करून, साधनसामग्रीच्या मर्यादेत, संगणकीकृत करावयाचे असतात. म्हणजे भिलाईत संगणकीकरण हे कार्यक्षमतेचे साधन तर आहेच, शिवाय नागरिकाप्रती असलेले कायदेशीर कर्तव्यही आहे. जामुलच्या कारखान्यावर असे बंधन नाही.

खासगी क्षेत्राच्या चपळाईलाही दुसरी बाजू आहे. एसीसीमध्ये 2005 साली स्वित्झर्लंडच्या होल्सिम समूहाचा प्रवेश झाला आणि 2022 मध्ये मालकी अदानी समूहाकडे गेली. कोणत्याही कंपनीत असे हस्तांतर झाले की नव्या समूहाच्या प्रणालीशी जुन्या नोंदी जुळविण्याचे खर्चिक काम उभे राहते. सार्वजनिक उपक्रमात मालक तोच राहतो. बदलतात ते अधिकारी, बहुधा बदली वा निवृत्तीमुळे, आणि प्रणालीची जाण त्यांच्याबरोबर निघून जाते.

दोन्ही क्षेत्रे एकत्र आल्याचेही उदाहरण आहे. 2001 मध्ये सेल व टाटा स्टील यांनी समान भागीदारीत पोलादाच्या ई-लिलावासाठी मेटलजंक्शन उभारले. तेच पुढे एमजंक्शन झाले. आता कायदाही काही बाबतींत दोघांना एका मापाने मोजतो. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक कंपनीच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक झाले आहे.