कारखान्याचा भोंगा कोणासाठी?



कारखान्यात वरून खाली हुकूम जातात, खालून वर अहवाल येतात आणि काही माहिती कुंपणाबाहेर शेजाऱ्यांना द्यावयाची असते. हुकमांची वाट सहसा अडत नाही. उरलेल्या दोन वाटा अडल्या म्हणजे काय घडते, ते भोपाळने पाहिले.

तेथील युनियन कार्बाइड कारखान्यातील उणिवा मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्याच तज्ज्ञांनी नोंदविल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने शहराला लेखांतून सावध केले. कागदांची वाण नव्हती. दखल घेणारा नव्हता.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती कळविली गेली, पण ती चहानंतर पाहू असे ठरले! मध्यरात्रीनंतर विषारी वायू सुटला. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. लोकांनी उगाच घाबरू नये, अशी तेथील रीत होती. ओले फडके तोंडावर धरावे, एवढेही कोणी सांगितले नव्हते. लोक धावत सुटले आणि धापेबरोबर अधिकच वायू छातीत गेला. डॉक्टरांनाही विष कोणते ते कळेना. हजारो माणसे दगावली.

पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात सुधारणा झाली. धोक्याची व बचावाच्या उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थांना आणि आसपासच्या रहिवाशांना देणे मालकावर बंधनकारक ठरले. ही माहिती केवळ इंग्रजीत छापून फाटकाआड टांगली, तर ती दिली असे कसे म्हणावे? भोंग्याचा अर्थ आणि पळण्याची दिशा कारखान्यालगतच्या शाळेतील मुलांनाही त्यांच्या बोलीत ठाऊक असली पाहिजे, आणि ग्रामपंचायतीने ती व्यवस्थापकांकडून लेखी मागून घ्यावी.