दुखण्याचा भाव कोण ठरवतो?

उपचार महाग झाल्याचे खापर समोर बसलेल्या डॉक्टरच्या माथी फोडण्याची जी सवय जालना जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात रुजली आहे, ती सोयीची असली तरी खऱ्या अपराध्याला मोकळे सोडणारी आहे; आणि साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलण्याची संधी एकदाच मिळत असल्याने हे आज स्पष्ट मांडणे भाग आहे. भोकरदन, मंठा, जाफराबाद येथे रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर या आरोपपत्रात नाही. आरोपी आहे ती शासनसंस्था, जिने भाव ठरवण्याचे आपले काम बाजाराच्या हवाली केले, आणि तिच्याइतकाच तो शिकलेला वर्ग, ज्याने सरकारी दवाखान्याची पायरी चढणे सोडले आणि तेथील दुरवस्थेबद्दल बोलणेही सोडले.

औषध किंमत नियंत्रण आदेश, म्हणजे औषधांची कमाल विक्रीकिंमत ठरवणारा केंद्राचा आदेश, 1979 मध्ये 347 औषधांना लागू होता. 1995 पर्यंत ही संख्या सत्तरच्या घरात आली. 2013 च्या आदेशाने यादी पुन्हा वाढवली, पण कसोटीच बदलली. पूर्वी उत्पादनखर्च मोजून त्यावर नफा धरला जाई; आता बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के मिळवले जातात. फुगलेल्या किमतीलाच मोजपट्टी मानण्याचा हा प्रकार आहे. सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे फेब्रुवारी 2017 मध्ये दिसले: हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, जिला स्टेंट म्हणतात, तिच्या औषधलेपित प्रकाराची लाखाच्या पुढे गेलेली किंमत 29,600 रुपयांवर आणली गेली. त्यामुळे कोणतेही रुग्णालय बुडाले नाही. त्याच वर्षी राज्याने ‘कट प्रॅक्टिस’ला, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी आपसांत घेतल्या-दिलेल्या दलालीला, आळा घालणारा कायदा करण्यासाठी निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मसुदा तयार झाला, पण कायदा झाला नाही. तो कोणी अडवला, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे.

प्रस्तुत अध्यक्षाच्या पिढीला सरकारी दवाखान्यातील काचेची बाटली आठवते: घरून धुऊन नेलेली, कंपाउंडरने लाल औषध भरून दिलेली, आणि तिच्या अंगाला कडा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, ज्या पट्टीच्या एकेका खाचेएवढा एकेक डोस घ्यायचा. निरक्षर आईलाही ती पट्टी वाचता येई. जालन्यात स्कॉटिश मिशनने उभारलेल्या रुग्णालयाची आठवण जुन्या घरांतून आजही कृतज्ञतेने निघते, कारण तेथे गरिबाला आपल्यावर काय उपचार होत आहेत ते कळत असे. हे कळणेच आज हिरावले गेले आहे, आणि गेली कित्येक वर्षे ज्या एका मागणीसाठी या जिल्ह्यातील संपादकांचे व अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले गेले, ती मागणी नेमकी तेथूनच सुरू होते.

ती मागणी दरफलकाची आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 चा. त्याखालील नियम जानेवारी 2021 मध्ये दुरुस्त होऊन शुल्काचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव चारचौघांत पुकारला जातो, काटा सर्वांना दिसतो. तोच शेतकरी आजारी बायकोला घेऊन दवाखान्यात शिरला की खाटेचे, तपासणीचे, शस्त्रक्रियेचे मोल त्याला डिस्चार्जच्या दिवशी, तेही इंग्रजी बिलातून समजते. लपवलेला दर हाच लुटीचा पाया आहे. ठळक मराठी अक्षरांतला एक फलक प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लागला, तर अर्धी लूट त्याच दिवशी थांबेल, आणि मराठीच्या अभिजात दर्जाचे जे सोहळे झाले त्या सर्वांपेक्षा या भाषेचा तो मोठा सन्मान ठरेल.

हा विषय साहित्यबाह्य आहे, असे विषयनियामक समितीत ज्यांनी हिरिरीने मांडले, त्यांच्या नियतकालिकांची मलपृष्ठे कोणाच्या जाहिरातींनी भरतात, हे वाचकांनी स्वतः उघडून पाहावे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्याने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिला एकट्या बीड जिल्ह्यात 13 हजारांहून अधिक अशा शस्त्रक्रिया आढळल्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, तिच्यातून दवाखाना भागवायचा आणि ती फेडण्यासाठी ओली जखम घेऊन पुन्हा फडात उभे राहायचे, हे चक्र अंबड-घनसावंगीलाही परके नाही. हे साहित्यबाह्य असेल, तर मराठवाड्याच्या साहित्यात उरते काय?

योजना नाहीत असे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेले. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. 2024 मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. परंतु जोवर विम्याचा पैसा खासगी रुग्णालयाकडे वळतो आणि सरकारी खाटेवरच्या रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते, तोवर निःशुल्क हा शब्द कागदावरच राहणार.

म्हणून समारोपाच्या सत्रात दोन ठराव मांडले जातील: कट प्रॅक्टिसविरोधी कायदा विधिमंडळात यावा, आणि दरफलक मराठीतून न लावणाऱ्या रुग्णालयाची जाहिरात या संमेलनाच्या स्मरणिकेत यापुढे घेऊ नये. दुसरा ठराव आपल्याच हातात आहे. त्यावर हात वर करून मतदान व्हावे, आणि कोणाचा हात खाली राहिला त्याची इतिवृत्तात नोंद व्हावी.