दार लोटल्यानंतरची वीस मिनिटं



पंधरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला उभा राहतो. खिडकीतून पहिला प्रश्न येतो तो वयाचा. बारा वर्षांपर्यंत बालरोग आणि त्यापुढे मेडिसिन, अशी अनेक रुग्णालयांची जुनी रीत आहे. त्यामुळे भरती व्हायची वेळ आली तर त्याची खाट लागते ती मोठ्यांच्या वॉर्डात. एका अंगाला दम्याने बेजार झालेले आजोबा, दुसऱ्या अंगाला दारूने यकृत गेलेला गृहस्थ. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गेला तर भिंतीवर कार्टून आणि टेबलावर खुळखुळा. दोन्हीकडचे डॉक्टर मनापासून काम करणारे असतात. तरी दोन्हीकडे एक गोष्ट हमखास घडते: प्रश्न आईला विचारले जातात आणि उत्तरंही आईच देते. मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसतो.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात दहा ते एकोणीस वयाची मुलंमुली २५ कोटींहून अधिक होती. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा डॉक्टर नेमका कोण, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेत हा प्रश्न बॉस्टनच्या बालरुग्णालयात १९५१ साली विचारला गेला. जे. रॉसवेल गॅलाघर हे अँडोव्हर इथल्या मुलांच्या निवासी शाळेचे डॉक्टर होते. ताप, मुरगळलेले घोटे, परीक्षेआधीची पोटदुखी, असं सगळं बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की या वयातलं दुखणं एका अवयवात मावत नाही. बॉस्टनमध्ये त्यांनी किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. तिथली पद्धत साधी होती. मुलाशी एकट्याने बोलायचं, तोच आपला रुग्ण आहे असं वागायचं आणि त्याने सांगितलेलं चारचौघांत फोडायचं नाही. आज हे वाचताना त्यात नवल वाटत नाही. पण त्या काळी आईवडिलांना बाहेर बसवणं हे डॉक्टरच्या बाजूने मोठंच धाडस होतं.

यापुढचा प्रवास संथ आहे. १९६८ साली अमेरिकेत या विषयाच्या डॉक्टरांची संघटना झाली आणि गॅलाघर तिचे पहिले अध्यक्ष झाले. तज्ज्ञत्वाची पहिली परीक्षा मात्र १९९४ साली झाली. पहिला दवाखाना ते पहिली परीक्षा, मध्ये ४३ वर्षं! आज तिथे बालरोगातलं तीन वर्षांचं शिक्षण झाल्यावर किशोरवैद्यकात आणखी तीन वर्षं द्यावी लागतात. जो या शाखेकडे जाणार नाही, त्या प्रत्येक बालरोग रेसिडेंटलाही किमान एक महिना किशोरवयीनांमध्ये काढावा लागतो.

तीन वर्षं शिकायचं काय, असं आपल्याकडचे ज्येष्ठसुद्धा विचारतात. मुलांशी गोड बोलायला तीन वर्षं कशाला?

एक उदाहरण घ्यावं. सोळा वर्षांच्या मुलीची पाळी अनियमित आहे. घरातले तिला घेऊन सोनोग्राफीला जातात, रिपोर्टवर ‘पीसीओडी’ येतं आणि घरात लग्नाची, मूल होण्याची काळजी सुरू होते. प्रत्यक्षात पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंडाशयात अनेक बारीक पुटिका दिसणं हे वाढीचाच भाग असू शकतं. म्हणून २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं, की पदर आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. हे ठाऊक असलेला डॉक्टर त्या मुलीच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवतो!

दुसरं उदाहरण, न खाणाऱ्या मुलीचं. वजन झपाट्याने उतरलंय, नाडी मंदावलीय. घाबरून तिला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातला फॉस्फेट कोसळतो आणि हृदय बिघडतं. इथे माया पुरत नाही. वैद्यक लागतं, तेही अचूक. तिसरं उदाहरण वर्गातल्या सगळ्यांत बुटक्या मुलाचं. टॅनर या बालरोगतज्ज्ञांनी वयात येण्याचे पाच टप्पे मांडून ठेवले आहेत. अंडकोशाचा आकार चार मिलिलिटरवर पोचला की मुलाच्या बाबतीत गाडी सुरू झाली असं समजायचं. उंचीची मोठी उसळी त्यानंतर येते. हे मोजायला हात बसावा लागतो. त्याहून अवघड म्हणजे, त्या मुलाला लाज न वाटता हे तपासणं. ते कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय येत नाही.

आणि मग ती संभाषणाची कला. १९८८ साली गोल्डनरिंग आणि कोएन यांच्या लेखामुळे प्रश्नांचा एक क्रम जगभर पोचला. आधी घर, मग शाळा, मग फावल्या वेळातले उद्योग. त्यानंतर व्यसनं, लैंगिकता आणि शेवटी आत्महत्येचे विचार. क्रमातच शहाणपण आहे. घरात कोण कोण असतं, इथून सुरुवात करणारा मुलगा पाचव्या प्रश्नापर्यंत येता येता आपण कुणाशी बोलतोय हे पारखून घेतो. भारतात २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. शेवटचा प्रश्न विचारायला डॉक्टर कचरतो, कारण विचारल्याने डोक्यात खूळ शिरेल असं त्याला वाटतं. तसं होत नाही. विचारल्याने मुलाची सुटका होते. पण ‘हो’ असं उत्तर आलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, कुणाला सांगायचं, घरी सोडायचं की नाही, हे आधी ठाऊक हवं.

गुप्ततेलाही मर्यादा असतात आणि त्या सुरुवातीलाच मुलाला सांगाव्या लागतात. भारतात हा पेच फार टोकदार आहे. २०१२च्या ‘पोक्सो’ कायद्याने अठराखालच्या लैंगिक संबंधाची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गर्भ राहिलेली सतरा वर्षांची मुलगी त्या भीतीने भोंदूकडे जाते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा अल्पवयीन मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने, तिची आणि पालकाची विनंती असल्यास, पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल प्रत्येक रेसिडेंटला तोंडपाठ हवा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी मोकळं बोलणं सुरू केलं. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं उघडली, शाळाशाळांत लोहाच्या निळ्या गोळ्या पोचल्या. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५७ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. गोळी दिली जाते. ती मुलगी का घेत नाही, मळमळतं म्हणून की घरात कुणी काही सांगितलं म्हणून, हे विचारायला कुणी बसत नाही. ‘मैत्री’तल्या समुपदेशक ताई हे काम जिवापाड करतात. त्यांनी पाठवलेली मुलगी मात्र शेवटी गर्दीच्या ओपीडीत, दहा जणांसमोर डॉक्टरपुढे उभी राहते.

अभ्यासक्रमाने पाऊल उचललेलं आहे, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं. २०१९पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात किशोरवयीनांची तपासणी, प्रश्नांचा तो क्रम, गुप्तता पाळणं, किशोर क्लिनिकला भेट देणं, हे सगळं छापलेलं आहे. प्रश्न आहे तो ही भेट नेमकी कुठे द्यायची याचा. जिथे क्लिनिकच आठवड्यातून एकदा, दुसऱ्या विभागाच्या उधारीच्या खोलीत भरतं, तिथे विद्यार्थी सही घेऊन परततो.

म्हणून राज्यातल्या डॉक्टरांच्या या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयांपुढे दोन मागण्या ठेवाव्यात. पहिली मागणी परीक्षेची. बालरोग आणि मेडिसिन, दोन्हींच्या एमडी प्रात्यक्षिकात एक केस किशोरवयीन असावी आणि परीक्षकाने रोगाच्या निदानाइतकेच गुण संभाषणाला द्यावेत. जे परीक्षेत येतं तेच वॉर्डात शिकवलं जातं, हे इथल्या प्रत्येक अध्यापकाला माहीत आहे.

दुसरी मागणी जागेची. आठवड्यातल्या दोन दुपारी प्रत्येक महाविद्यालयात एक खोली फक्त या मुलांसाठी राखावी. आत एक रेसिडेंट आणि एक अनुभवी शिक्षक, एका रुग्णाला किमान वीस मिनिटं. आईसाठी बाहेर खुर्ची असावी आणि नंतर तिच्याशीही वेगळं बोलावं. तिची काळजी खरी असते. आणि त्या खोलीला दार हवं. ओपीडीत नेहमी लावतात तो हिरवा पडदा चालणार नाही; त्याच्या पलीकडच्या बाकावर सगळं ऐकू येतं.