फॉरमॅट मारण्याआधी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संगणक हळू चालतो, ब्राउझर उघडला की भलतीच साइट समोर येते, कोपऱ्यातून जाहिराती उसळतात, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’ आपण मान डोलावतो. दोन दिवसांनी संगणक चकाचक होऊन घरी येतो. मग लक्षात येतं की मुलीच्या बारशाचे फोटो, वडिलांच्या पेन्शनची स्कॅन केलेली कागदपत्रं, सोसायटीचे हिशेब सगळं डेस्कटॉपवर होतं. ते गेलं. आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या, जाहिराती पुन्हा हजर, कारण त्या ज्या वाटेने आल्या ती वाट कुणी बंदच केली नव्हती. ढेकूण झाले म्हणून कुणी घर पाडत नाही. घरच्या संगणकातली ही घाण काढणं घरातल्या माणसाला जमण्यासारखं आहे, आणि ते त्यानेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ही घाण येते कुठून ते पाहू. अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर, क्वचितच कुलूप तोडून आत शिरतं. बहुतेक वेळा आपणच दार उघडून दिलेलं असतं, आणि ते उघडून घेण्याचे कुणाला तरी पैसे मिळालेले असतात. २०१६ साली गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात आपलं सॉफ्टवेअर घालून ते एका संगणकावर उतरवून दिलं, की वाटपकर्त्याला दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत मोबदला. अशा नको असलेल्या सॉफ्टवेअरचे आठवड्याला सहा कोटींहून अधिक डाउनलोडचे प्रयत्न त्यांना दिसले, उघडउघड घातक मालवेअरच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे हा कुणा एका विकृत पोराचा खोडसाळपणा नाही. ही बाजारपेठ आहे, आणि तिच्यातला माल म्हणजे आपला संगणक.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. टायपिंगच्या परीक्षेला बसलेली मुलगी ‘मराठी टायपिंग फ्री डाउनलोड’ असं शोधते. पान उघडतं. त्यावर हिरवी, ठसठशीत अशी तीन-चार ‘डाउनलोड’ बटणं. त्यातली बहुतेक जाहिराती, आणि खरा दुवा तळाशी, बारीक निळ्या अक्षरांत. ती हिरवं बटण दाबते. मग इन्स्टॉल करायची खिडकी येते : ‘एक्स्प्रेस, शिफारस केलेले’ हा पर्याय आधीच निवडलेला, आणि ‘कस्टम’ करड्या रंगात, जणू तो दाबताच येत नाही. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. या तीन टिचक्यांत एक टूलबार, एक ‘पीसी ऑप्टिमायझर’ आणि एक नवं सर्च इंजिन आत आलं. ‘कस्टम’ दाबलं असतं तर या सगळ्यांपुढे खुणा केलेल्या चौकटी दिसल्या असत्या आणि त्या पुसता आल्या असत्या. त्या मुलीला दोष देऊ नका. ती घाईत दाबेल हे हेरूनच ते पान बांधलेलं आहे.

कधीकधी दार उघडणारा खुद्द कारखानदार असतो. लेनोवोने २०१४च्या सुमारास विकलेल्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं. त्याने संगणकात स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं, त्यामुळे बँकेच्या साइटवरच्या कुलपाच्या चिन्हाचाही भरवसा उरला नाही. त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने तिचा पासवर्ड शोधून काढला. नुसतं सॉफ्टवेअर काढून भागत नव्हतं, ते प्रमाणपत्रही वेगळं काढावं लागत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण साफसफाईचं मर्म तिच्यात आहे : दिसतं ते एक असतं, मागे उरतं ते दुसरं.

आणि तिसरी वाट, जिच्याबद्दल आपल्या गावांतल्या डीटीपीवाल्यांशी मी कळकळीने बोलतो, ती क्रॅकची. विंडोज किंवा फोटोशॉप फुकटात चालू करून देणारी फाइल पहिल्याच ओळीत सांगते, ‘अँटिव्हायरस बंद करा.’ पहारेकऱ्याला घरी पाठवा असं सांगणाऱ्याच्या हातात आपण किल्ल्या देतो. पगार, पॅन, ग्राहकांच्या पत्रिका, सगळं त्याच यंत्रावर.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्रॅमच्या आणि सेटअपच्या फाइल्स घेऊ नका, नाहीतर घाणही सोबत न्याल. मग सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल झालेल्या अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. हा साधा उपाय फार कमी लोक करतात. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास एकाच वेळी उतरलेली तीन-चार अनोळखी नावं तिथे रांगेत सापडतात. काढताना शब्द नीट वाचा. ‘हे ठेवल्यास पन्नास टक्के सूट’ असली खिडकी येते आणि काढून टाकायचं बटण कोपऱ्यात लपवलेलं असतं.

खरं पाणी मुरतं ते ब्राउझरमध्ये. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा संगणक दुकानातून साफ होऊन आला होता, तरी क्रोम उघडलं की तीच भाग्यभविष्याची साइट समोर येई. एक्स्टेन्शन स्वच्छ, होमपेज ठीक. शेवटी डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं. ‘टार्गेट’च्या ओळीत क्रोमच्या फाइलचा पत्ता होता, अवतरणचिन्ह संपलं होतं, आणि त्यापुढे एक जागा सोडून त्या साइटचा पत्ता चिकटवलेला होता. ओळ लांब, चौकट आखूड, त्यामुळे शेपटाकडे नजरच जात नाही. तेवढा भाग खोडला आणि प्रश्न मिटला. दुकानदाराचा स्कॅनर त्या शेपटावर बोट ठेवू शकला नव्हता, कारण तो प्रोग्रॅम नव्हता, नुसता एक पत्ता होता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं त्यांच्या बाबतीत चाललं होतं.

कोपऱ्यातून येणाऱ्या ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ अशा सूचना तर पुष्कळदा मालवेअरही नसतात. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं कुठल्याशा साइटने म्हटलं, आपण दाबलं, आणि तिला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन ती परवानगी काढून घेतली की आवाज बंद. घरच्या संगणकावर ब्राउझरच्या मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसलं तर मात्र थांबून विचारा, कोणती संस्था? काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण पुष्कळदा अ‍ॅडवेअरने धोरण लादून एक्स्टेन्शन काढायची सोयच बंद केलेली असते.

काढलेलं परत येतं तेव्हा ‘टास्क शेड्युलर’ पाहा. दर तासाला किंवा लॉगिन करताच काहीतरी उतरवून घेणारं काम तिथे नेमलेलं सापडतं. ते आणि सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या अ‍ॅप्सची यादी तपासून झाली की स्कॅन लावा. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा सक्षम आहे. त्याचा ‘ऑफलाइन स्कॅन’ विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे लपून बसलेल्यालाही गाठतो. दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्हक्लीनर फुकट आहे. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्रही मोफत साधनं देतं. साधन कुठलंही असो, ते बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, शोधात सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतून नव्हे.

हे सगळं तज्ज्ञांचं काम आहे असं कुणाला वाटत असेल, तर मालवेअरबाइट्सच्या मार्सिन क्लेझिन्स्कीकडे पाहा. शाळकरी वयात त्याने घरचा संगणक स्वतःच बिघडवला, अनोळखी स्वयंसेवकांच्या मदतीने साफ केला, आणि त्या खटपटीतून पुढे कंपनी उभी राहिली. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस पाहतपाहतच क्विक हील या अँटिव्हायरसचा पाया घातला. दोन्ही कंपन्यांच्या मुळाशी यंत्र उघडून पाहण्याची चिकाटी होती.

एका प्रसंगी मात्र हात आवरा. लाल पडदा, कर्कश आवाज, ‘संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. हा पडदा म्हणजे निव्वळ एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केला तर पलीकडचा माणूस गोड बोलून दूरनियंत्रणाचं अ‍ॅप घालायला लावतो, आणि मग खरी चोरी सुरू होते. अशी कॉल सेंटरं आपल्या देशातूनही चालवली गेली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये अनेक राज्यांत छापे घातले, त्यात परदेशी नागरिकांना तांत्रिक मदतीच्या नावाने फसवणाऱ्या टोळ्याही होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या भीतीवर पोट भरणारा हा धंदा मला सगळ्यात संतापजनक वाटतो.

मग फॉरमॅट कधी? स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं मालवेअर निघालं तर मी मागेपुढे पाहत नाही. लुम्मा नावाच्या अशाच चोराचं जाळं मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पोलिस यंत्रणांसोबत मोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत बाधित झालेल्या विंडोज संगणकांची संख्या ३,९४,००० निघाली. असले चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीजही नेतात. त्यामुळे पासवर्ड बदलूनही चोर आतच राहू शकतो. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या किल्ल्या तिथूनच मिळतात. ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय वापरा, दुहेरी पडताळणी लावा, मग बँकेकडे वळा. आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर संगणक तसाच सोडून त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक फिरवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते, आणि त्यात एकेक मिनिट मोलाचं आहे.