हडल आला कुठून?

‘चला, पटकन एक हडल घेऊ’ हे ऑफिसमध्ये आपण रोज ऐकतो. पण हा हडल आला कुठून, माहितीये?

वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट नावाचं कर्णबधिर विद्यार्थ्यांचं छोटं विद्यापीठ आहे. 1880च्या दशकापासून तिथे अमेरिकन फुटबॉल खेळतात. 1890च्या दशकात पॉल हबर्ड तिथला क्वार्टरबॅक होता. पुढची चाल तो हातांच्या खुणांनी सांगायचा. पण समोरचा संघही कर्णबधिर असला की त्यांनाही सगळं कळायचं! मग त्याने खेळाडूंना गोल करून उभं केलं. खुणा आत, पाठी बाहेर. आपल्या भाषेत, एन्क्रिप्शन! हडलचं श्रेय त्यालाच देतात. पुढे ऐकू येणाऱ्यांनीही तो उचलला.

2023मध्ये गॅलॉडेटने एटी अँड टीसोबत 5जी हेल्मेट मैदानात आणलं. कोच टॅबलेटवर चाल निवडतो, ती क्वार्टरबॅकला डोळ्यासमोरच्या छोट्या लेन्सवर दिसते. तो सामना त्यांनी हिल्बर्ट कॉलेजविरुद्ध 34-20 असा जिंकला.

आपल्या फील्डमध्ये ॲक्सेसिबिलिटीचं तिकीट कायम ‘नंतर बघू’मध्ये पडून असतं. थोड्या लोकांसाठी कशाला, म्हणून. हडलसुद्धा थोड्याच लोकांसाठी होता ना? पुढच्या स्प्रिंटमध्ये ते तिकीट वर घ्या.

भेटू पुढच्या भागात!